नेम नसलेल्या पोरालाही काम देणारा गेम : अनरिअल टूर्नामेंट २००४

जुळे सोलापुरातला एक विद्यार्थी गेम डिझाइन शिकतोय. अनरिअल टूर्नामेंट या संगणकावरच्या बंदूकबाजीच्या (शूटर) गेमबद्दल त्याचा प्रश्न थोडक्यात असा : "सर, अनरिअल टूर्नामेंट २००३ आणि २००४ दोन्ही खेळून पाहिले. इंजिन तेच, बंदुका जवळपास त्याच, बरेचसे नकाशेही तेच. जेमतेम दीड वर्षात काढलेला पुढचा भाग. तरी जुने खेळाडू २००४चंच नाव काढतात. तुम्ही त्या काळात सोलापुरात गेमिंग कॅफे चालवत होता, म्हणून विचारतो. त्यात असं काय होतं?"

एका वाक्यात सांगायचं तर, ज्याचा नेम पक्का आहे आणि ज्याचा अजिबात नाही, अशा दोघांनाही त्या गेमनं एकाच सामन्यात खरोखर उपयोगी केलं. त्याआधीच्या बहुतेक शूटर गेममध्ये कच्चा खेळाडू म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. २००४मध्ये तो संघाचा कणा होऊ शकत होता. हे कसं जमवलं, त्यातच तुझं उत्तर आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

आधी मागची गोष्ट. पहिला अनरिअल टूर्नामेंट १९९९च्या नोव्हेंबरात आला, एपिक गेम्स आणि डिजिटल एक्स्ट्रीम्स यांनी मिळून केलेला. त्यात असॉल्ट नावाचा खेळायचा एक प्रकार होता. एका संघानं एकामागून एक टप्पे घेत किल्ला जिंकायचा, दुसऱ्यानं तो राखायचा. मग बाजू बदलायच्या आणि पहिल्यानं जितका वेळ घेतला त्याहून कमी वेळात तेच काम करून दाखवायचं. लोकांचा जीव होता त्यावर. २००२च्या शरद ऋतूत २००३ हा भाग आला आणि त्यात असॉल्ट नव्हताच. चित्रं कितीतरी देखणी झाली होती, हालचाल वेगवान झाली होती, चेंडू घेऊन पळण्याचा बॉम्बिंग रन हा नवा प्रकार होता. पण जुन्या खेळाडूंना वाटलं की घर रंगवताना देवघरच पाडून टाकलं. बंदुकांना पहिल्यासारखं वजन नाही, पात्रं चिलखत घातलेल्या पैलवानांसारखी, अशा तक्रारीही होत्या. त्यातल्या काही मला पटत होत्या, काही नाही. असॉल्टची मात्र शंभर टक्के खरी होती.

मार्च २००४मध्ये पुढचा भाग आला तेव्हा एपिकनं दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. असॉल्ट परत आणला, आणि २००३मधलं काहीही काढलं नाही. ते सगळे नकाशे, सगळे प्रकार आत ठेवून वर नवीन रचलं. एकूण दहा प्रकार झाले. १९९९ची स्नायपर रायफल २००३मध्ये काढून तिच्या जागी विजेचा लोळ सोडणारी लाइटनिंग गन दिली होती. इथं दोन्ही ठेवल्या. फेसिंग वर्ल्ड्स, डेक सेव्हन्टीन असे जुने लाडके नकाशे नव्या रूपात आले. तू "नकाशेही तेच" असं म्हणतोस ते दोषाच्या सुरात. मला तो गुण वाटतो. ज्यानं २००३वर पैसे घातले होते त्याचा सराव फुकट गेला नाही, आणि जो १९९९वर अडून बसला होता त्यालाही आत यायला दार मिळालं. पुढचा भाग काढताना जुन्या खेळाडूंना बाहेर काढू नये, एवढी साधी गोष्ट कितीतरी मोठ्या कंपन्यांना आजही जमत नाही.

पण नुसती डागडुजी करून गेम लाडका होत नाही. खरी जादू ऑन्स्लॉट या नव्या प्रकारात होती.

त्याची रचना नीट समजून घे. दोन्ही संघांकडे एकेक पॉवर कोअर. मधे मैदानभर विखुरलेले पॉवर नोड, एकमेकांना ठरावीक रेषांनी जोडलेले. मोकळ्या नोडला जाऊन स्पर्श केला की तो तुमच्या रंगात उभा राहू लागतो. शत्रूचा असेल तर आधी फोडायचा, मग स्पर्श करायचा. पण वाटेल त्या नोडवर तुटून पडता येत नाही. तुमच्या पूर्ण उभ्या असलेल्या नोडला जो जोडलेला आहे, त्यालाच धक्का लावता येतो. बाकीच्यांवर कवच असतं. अशी साखळी करत शत्रूच्या कोअरपर्यंत पोचायचं आणि तो फोडायचा. ठरल्या वेळेत फोडला तर दोन गुण. वेळ संपली तर दोन्ही कोअर आपोआप झिजायला लागतात, ज्याच्याकडे नोड कमी त्याचा जास्त वेगानं, आणि तेव्हा जिंकलं तर एकच गुण.

या एका नियमानं काय झालं बघ. टोरलान हा नकाशा घे, मधोमध उंच मनोरा आणि चहूकडे टेकड्या असलेला. एवढ्या मोठ्या मैदानावर पोरं सोडली तर विखुरतील आणि कुणाला कुणी सापडणार नाही, असं वाटतं. पण कुठल्याही क्षणी हल्ला करण्याजोगे नोड दोन-तीनच असतात. त्यामुळे सगळी मारामारी आपोआप त्या दोन-तीन ठिकाणी गोळा होते, आणि नोड पडला की आघाडी पुढे सरकते. मैदान मोठं, लढाई दाट. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात युद्धाची रेषा दिसत असते, म्हणून नव्या पोरालाही कुठं जायचं ते कळतं. आणि पक्क्या गड्याला यात डावपेच सापडतो : समोरचा नोड लढवत बसण्यापेक्षा मागं घुसून साखळीच तोडायची. मधला दुवा गेला की पुढचा नोड एकटा पडतो, आणि कोअरच्या तोंडाशी आलेला संघ धावत माघारी येतो. आमच्याकडं असे सामने एका पोराच्या मागच्या दारानं फिरले आहेत.

आता लिंक गन. तुला हिचा खास अभ्यास करायला सांगेन. हिरव्या गोळ्या सोडणारी साधीशी बंदूक. दुसऱ्या बटणानं हिच्यातून सलग किरण निघतो. तो शत्रूवर धरला तर इजा होते, आपल्या नोडवर धरला तर नोड भराभर उभा राहतो, मोडक्या गाडीवर धरला तर गाडी दुरुस्त होते, आणि लिंक गन घेतलेल्या भिडूवर धरला तर त्याच्या बंदुकीची ताकद वाढते. एकाच किरणाची चार कामं, आणि त्यातल्या तीन कामांना नेमबाजी लागत नाही. नोड पळत नाही, रणगाडा उड्या मारत नाही. समोर धरून उभं राहायचं, पण योग्य वेळी योग्य जागी.

माझ्या कॅफेत अशोक चौकाच्या बाजूनं यंत्रमाग चालवणाऱ्या घरांतली पोरं यायची, विजापूर रोडवरची कॉलेजची पोरं यायची, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धाकटे भाऊ. कॉलेजवाल्यांच्या घरी संगणक, त्यामुळे त्यांचा हात बसलेला. मागावरून आलेल्या पोराच्या हातात माउस आठवड्यातून एखाद-दोनदा यायचा. डेथमॅच, म्हणजे नुसती मारामारी, जास्त मारेल तो जिंकेल असा प्रकार, लावला की दहा मिनिटांत दोन तट पडायचे, एक मारणारा आणि एक मरणारा. मरणारी पोरं पुढच्या वेळी येत नसत. ऑन्स्लॉट लावला की चित्र बदलायचं. एक अबोल पोरगा होता, बंदुकीत अगदी कच्चा. तो लिंक गन घेऊन रणगाड्याच्या मागं उभा राहायचा आणि रणगाडा मरूच द्यायचा नाही. थोड्याच दिवसांत संघ पाडताना त्याला आधी कोण घेणार यावरून वाद व्हायला लागले. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही भाषांत त्याच्या नावानं हाका. मी गेम निवडून देणारा माणूस होतो, माझ्यासाठी याहून मोठा पुरावा नाही.

गाड्यांची आखणीही त्याच विचारानं केलेली दिसते. त्या काळात बॅटलफील्ड १९४२ या युद्धाच्या गेमनं गाड्यांचं वेड लावलेलंच होतं. ते २००२च्या सप्टेंबरात आलं होतं. एपिकनं गाड्या घेतल्या, पण पायी चालणाऱ्याचा वेग आणि उड्या तशाच ठेवल्या. दुहेरी उडी, बाजूला झेप, भिंतीवर पाय देऊन झेप हे सगळं येत असेल तर माणूस रणगाड्याला चकवू शकतो. शिवाय प्रत्येक गाडीत एक उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. मांटा हवेवर तरंगत सुसाट जाते आणि खाली दबून माणूस चिरडते, पण तिचं अंग नाजूक. गोलायथ रणगाडा दणकट, पण संथ. रॅप्टर उडतं, पण खालून कुणी अ‍ॅव्हरिल रॉकेटचा नेम धरला की पळता भुई थोडी. हेलबेंडरमध्ये तर तिघं बसतात आणि चालवणाऱ्याच्या हातात हत्यारच नाही, फक्त हॉर्न! दोन भिडू मागं बसल्याशिवाय ती गाडी जवळपास निरुपयोगी. म्हणजे चालवणाऱ्याला थांबून, हॉर्न वाजवून मित्रांना बोलवावंच लागतं. लेव्हायथनमध्ये पाच जण, आणि तिची मोठी तोफ डागायची तर गाडी एका जागी उभी करावी लागते. मांटाच्या पंखावर उभं राहून भिडूनं फुकटचा प्रवास करणं ही तर पोरांची आवडती युक्ती होती. या गाड्या एकट्या माणसाला राजा करण्यासाठी केलेल्याच नाहीत.

ही गाड्यांची बाजू आणि ऑन्स्लॉट उभं करण्यात सायॉनिक्स नावाच्या छोट्या स्टुडिओचा हात होता. २००३साठी हौसेनं गाड्यांचा मॉड (तयार गेममध्ये बाहेरच्यांनी केलेली भर) करणाऱ्या डेव्ह हेजवूडला एपिकनं या कामावर घेतलं. याच सायॉनिक्सनं पुढे २०१५मध्ये रॉकेट लीग काढलं आणि २०१९मध्ये एपिकनं ती कंपनीच विकत घेतली. गाडीनं चेंडू मारायचा तो खेळ बघताना मला नेहमी ऑन्स्लॉटमधली उसळ्या घेणारी स्कॉर्पियन गाडी आठवते.

काउंटर-स्ट्राइकचं काय, असं तू विचारशीलच. खरं आहे, सोलापुरातल्या बहुतेक कॅफेंत तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६च चालायचं आणि माझ्याकडेही ते भरपूर खेळलं गेलं. फार शिस्तीचा, फार उत्तम खेळ. पण त्यात मेलेला माणूस फेरी संपेपर्यंत बसून राहतो. घरी बसून खेळणाऱ्याला ते चालतं. तासाच्या हिशोबानं खिशातले पैसे मोजणाऱ्या पोराचा अर्धा वेळ दुसऱ्याचा पडदा बघण्यात गेला तर त्याला ते लागतं. अनरिअलमध्ये मेलात की लगेच पुन्हा हजर, आणि ऑन्स्लॉटमध्ये तर आपल्या कुठल्या नोडवर उगवायचं तेही तुम्ही निवडायचं. मरणंसुद्धा कधीकधी आघाडीवर लवकर पोचण्याची वाट ठरायचं.

बॉट्सबद्दल, म्हणजे संगणकच चालवतो त्या खेळाडूंबद्दल, लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. या मालिकेतले बॉट स्टीव्ह पोल्ज यांनी घडवले. क्वेक या जुन्या शूटर गेमसाठी रीपर बॉट हा गाजलेला मॉड करणारे हेच. २००४मध्ये बॉट्सच्या आठ पायऱ्या आहेत, अगदी नवशिक्यापासून गॉडलाइकपर्यंत, आणि हे बॉट नोड बांधतात, गाड्या चालवतात, सांगितलं तर राखण करतात. ते तेव्हाचे दिवस लोडशेडिंगचे होते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर मोजकीच मशीन चालायची. चार पोरं एका बाजूला आणि बॉट दुसऱ्या बाजूला अशी लढत लावली की उरलेली पोरं मागं उभी राहून ओरडून सल्ले द्यायची. उन्हाळ्याच्या दुपारी, बाहेर चाळिशीच्या वर पारा आणि आत एकच पंखा, तरी कुणी उठत नसे. नव्या पोराला मी आधी बॉट्सबरोबरच बसवायचो. तिथं हसायला कुणी नसतं, आणि नियम कळायला अर्धा तास पुरतो. आज इंटरनेटशिवाय सुरूच न होणारे मल्टिप्लेअर गेम बघतो तेव्हा ही गोष्ट फार जाणवते.

मशीनचा मुद्दाही छोटा नाही. गेमची किमान गरज एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १२८ एमबी रॅम एवढीच होती. हार्ड डिस्कवर मात्र साडेपाच जीबी जागा लागायची, ती तेव्हा जड जायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे यात पिक्सोमॅटिक नावाचा सॉफ्टवेअर रेंडरर होता. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी नुसत्या प्रोसेसरवर चित्र उमटायचं. ते धूसर आणि ठोकळेबाज दिसायचं हे कबूल, पण सामना खेळता यायचा. ज्या छोट्या शहरांत कार्ड घेणं म्हणजे चैन होती, तिथं या एका सोयीनं किती खुर्च्या भरल्या असतील याची कल्पना कर. लिनक्सवरही हा गेम चालायचा.

मग मॉड. गेमबरोबर अनरिअल एडिटर मिळायचा, ज्या हत्यारांनी कंपनीनं नकाशे केले तीच हत्यारं तुमच्या हातात. एपिक आणि एनव्हिडिया यांनी मेक समथिंग अनरिअल ही मॉड्सची स्पर्धा घेतली. ती रेड ऑर्केस्ट्रा या मॉडच्या चमूनं जिंकली, त्यातून ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह ही कंपनी उभी राहिली आणि २००६मध्ये त्यांचा स्वतंत्र गेम बाजारात आला. २००९चा किलिंग फ्लोअर आधी २००४चाच मॉड होता. एलियन स्वॉर्मही तसाच, जो पुढे २०१०मध्ये व्हॉल्व्हनं मोफत दिला. एपिकनंही नंतर सिकाडा, पॅलाडिन अशा नव्या गाड्या फुकट वाटल्या. मॉडपर्यंत न पोचणाऱ्यांसाठी म्युटेटर होतेच : गुरुत्वाकर्षण कमी करा, एका गोळीत मरण ठेवा, दुसऱ्याला इजा केली की स्वतःची तब्येत सुधारेल असं करा. शनिवारी रात्री पोरं म्युटेटर लावूनच खेळायची आणि प्रत्येक वेळी गेम नवा वाटायचा.

दोष आहेत, तेही लक्षात घे. शंभर अ‍ॅड्रेनलिन (सामन्यात जमत जाणारी जादा ताकद) गोळा झालं की विशिष्ट कळा दाबून अदृश्य व्हायचं किंवा वेग वाढवायचा, हा भाग मला कधी आवडला नाही. झुंजीत कमावलेला फायदा त्यानं पुसला जातो. मिनीगन बरीच मिळमिळीत. लेव्हायथन आली की सामना तिच्याभोवतीच फिरतो. आणि एकास एक लढतीचे शौकीन आजही १९९९ला वरचढ मानतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण त्या प्रकारात त्यांचं म्हणणं रास्त आहे. एकास एक झुंजीत कच्च्या खेळाडूला जागा असावी अशी अपेक्षाही नसते. माझा मुद्दा अठरापगड पोरांनी भरलेल्या खोलीचा आहे, आणि तिथं २००४ला तोड नव्हती.

२००७च्या नोव्हेंबरात आलेल्या अनरिअल टूर्नामेंट ३नं हा मुद्दा उलट बाजूनं सिद्ध केला. चित्रं अप्रतिम, पण असॉल्ट पुन्हा गायब, बॉम्बिंग रनही नाही, आणि ऑन्स्लॉटच्या जागी वॉरफेअर. त्यात ऑर्ब नावाचा गोळा नेऊन नोड क्षणात उभा करता येई. कल्पना चलाख होती. पण नोडपाशी उभं राहून किरण धरणाऱ्या शांत पोराचं मोल त्यानं कमी झालं, कारण आता धावत ऑर्ब नेणारा पटाईत गडीच नायक झाला. आमच्याकडं तो भाग बसवला होता. थोड्याच दिवसांत पोरं २००४कडे परतली. पुढे २०१४मध्ये सुरू केलेला नवा अनरिअल टूर्नामेंट २०१८मध्ये थांबला, आणि जानेवारी २०२३मध्ये एपिकनं जुन्या भागांचे मुख्य सर्व्हरही बंद केले. लॅनवर (एकाच जागी तारांनी जोडलेल्या मशीनवर) आणि बॉट्सबरोबर मात्र २००४ अजून तसाच चालतो.

तुझ्यासाठी एक काम सांगतो, अभ्यासक्रमात ते नसेल. टोरलानवर दोन्ही बाजूंना सात-आठ बॉट लाव, मधली पायरी ठेव आणि पूर्ण सामना फक्त लिंक गननं खेळ. एकही शत्रू मारायचा नाही, नोड आणि गाड्याच सांभाळायच्या. तुझा संघ जिंकला का, आणि कुठल्या क्षणी तुझ्यामुळे नोड वाचला, ते वहीत टिपत जा. मग तोच नकाशा एडिटरमध्ये उघड आणि नोडमधलं अंतर, टेकड्यांची उंची, गाड्या उगवण्याच्या जागा बघ. कुठल्या नोडपाशी आडोसा ठेवलाय आणि कुठला मुद्दाम उघड्यावर टाकलाय, हे तुझ्या टिपणांशी ताडून पाहा. माझ्याकडं मूळ डीव्हीडी अजून आहे. रविवारी सकाळी दुकानावर ये, जुन्या दोन मशीनवर बसवून देतो. येताना नकाशे करणारा तुझा तो मित्रही आण, दुसऱ्या बाजूला माणूस असला की बरं पडतं.